आमच्या वाडीची शाळा व तिचे विद्यार्थी

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा 'समाजापुढील शैक्षणिक प्रश्न' हा विषय सुचविला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, शिक्षकाचे दोन वर्षांचे शिक्षण घेतले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील निरनिराळ्या प्राथमिक शाळांतून अडतीस वर्षे काम करून २०१६ साली निवृत्त झालो. आमची विद्या एवढीच. म्हणून चिटणिसांची क्षमा मागून आम्ही विषय लहान करून घेतला आहे. ज्या शाळेत आम्ही स्वतः पहिली ते चौथी शिकलो, जी २०१८ च्या उन्हाळ्यात बंद झाली, त्या आमच्या वाडीच्या शाळेविषयी आणि तिच्या विद्यार्थ्यांनी आम्हांस जे सांगितले त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. शेवटी एक विनंती आहे. ती सर्वांस रुचेलच असे नाही.

२०२३ च्या शिमग्यास आम्ही गावी गेलो होतो. पालखी वाडीत येण्यास अवकाश होता म्हणून सड्यावर चक्कर टाकली आणि पाय आपोआप शाळेकडे वळले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती शाबूत आहेत. मंगळुरी कौले मात्र पश्चिमेच्या बाजूने उतरली आहेत, वासे खाली आले आहेत आणि जेथे दुसरीचा वर्ग बसे तेथे घाणेरीचे रान माजले आहे. फळ्याची चौकट भिंतीवर आहे, फळा नाही. पडवीच्या आढ्यास लोखंडी रुळाचा हातभर तुकडा टांगलेला असे, तीच आमची घंटा. आमच्या जिल्ह्यात आगगाडी नव्हती तेव्हाचा हा रूळ. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. हा तुकडा वाडीतील एका गिरणी कामगाराने मुंबईहून एस.टी.च्या टपावर घालून आणला होता. तो त्याने कोठून मिळविला, हे त्या वेळी कोणी विचारले नाही आणि आता विचारण्यात अर्थ नाही. तो तुकडाही आढ्यास दिसला नाही. पुढे तो सापडला. कोठे, ते ओघाने सांगू.

शाळा ओस का पडली, हे येथे जमलेल्यांस आम्ही सांगावे असे नाही. आपण सर्वजण मुंबईत या सभागृहात बसलो आहोत, हेच त्याचे कारण होय. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार झाली. सारा देश वाढत असता आपला जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, असा आकडा त्या जनगणनेत आहे. स्त्रियांची संख्या वाढली असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. पुरुष तेथे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. पूर्वी पुरुष एकटा मुंबईस येई, बायकामुले गावी राहत आणि मुले वाडीच्या शाळेत जात. पुढे नालासोपारा, विरार, दिवा येथे खोल्या मिळू लागल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे आली. मुलांस सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे नियम सांगतात. ज्या वर्षी हा हक्क मिळाला त्या वर्षी आमच्या शाळेचा पट ९ होता. २०१८ साली तो २ वर आला. ती दोघे सख्खी भावंडे होती. शाळेस सुट्टी द्यावयाची तर एका आईस निरोप पाठविला की पुरे, असे तेथील शेवटचे गुरुजी आम्हांस हसून म्हणाले. परंतु ते हसणे आम्हांस बरे वाटले नाही.

शिमग्याहून परतल्यावर आम्ही एक उद्योग आरंभिला. शाळा बंद झाल्यावर तिचे दप्तर जवळच्या मोठ्या शाळेत जमा झाले होते. तेथील मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही जनरल रजिस्टर उघडले. कित्येकांस हे रजिस्टर ठाऊक नसेल. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते : अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी सोडण्याचे कारण. आमच्या शाळेचे पहिले नाव १९५३ सालचे आहे. त्या वेळी शाळा जिल्हा स्कूल बोर्डाची होती. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, तेव्हा ती परिषदेकडे गेली. शेवटचे नाव ६११ व्या क्रमांकाचे. पहिल्या भागाच्या खालच्या कोपऱ्यास वाळवी लागली आहे. १९५८ व १९५९ ची काही पाने कपाटात हात लावताच भुगा होऊन पडली. दोष कोणाचा म्हणावा? कपाट एक, शाळा बंद झालेल्या चार, आणि पावसाळा कोकणचा. आम्ही आठ दिवस जाऊन बसलो आणि जेवढे वाचता आले तेवढे एका वहीत हाताने उतरून घेतले. मग त्या वहीतील माणसे शोधू लागलो. दीड वर्षात त्रेचाळीस भेटली.

उतरून घेताना प्रथम हसू आले ते जन्मतारखांचे. आमच्या वाडीत ज्याला त्याला १ जून हा जन्मदिवस आहे. आम्हीही १ जूनचेच. आई सांगे की भात झोडणी चालली होती तेव्हा आमचा जन्म झाला, म्हणजे तो कार्तिक-मार्गशीर्ष असला पाहिजे. परंतु मुलास वयाची अट पुरी करून जूनमध्ये घ्यावयाचे, तर त्याचा जन्मही जूनमध्ये व्हावा लागे, आणि ते काम गुरुजी करीत. कोणाची पत्रिका होती? गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानास लावावयास सांगत. हात पोहोचला की मूल सहा वर्षांचे. त्या एका हिशेबावर पुढे नोकऱ्या लागल्या आणि निवृत्तीही झाल्या. आमच्या एका वर्गबंधूने मात्र तक्रार केली. त्याचे हात लांब होते, म्हणून तो शाळेत एक वर्ष लवकर गेला आणि गोदीतून एक वर्ष लवकर निवृत्त झाला. गुरुजींनी आपले बारा महिन्यांचे वेतन खाल्ले, असे तो आजही म्हणतो.

परंतु रजिस्टरातील खरा मजकूर शेवटच्या रकान्यात आहे. 'शाळा सोडल्याचे कारण.' तेथे दोन किंवा तीन शब्द असतात : 'इयत्ता पूर्ण', 'मुंबईस गेला', 'सतत गैरहजर'. आम्ही स्वतः अडतीस वर्षे हे शब्द लिहिले. लिहिताना हात थांबला नाही. आता ती माणसे पुढे बसून बोलू लागली, तेव्हा त्या शब्दांत किती कमी मावते ते कळले.

१९६१ साली दाखल झालेल्या एका भगिनीच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा आहे. ही बाई आज सत्तरीच्या आहेत आणि मुलाकडे दिव्यास राहतात. त्यांनी सांगितले ते असे. पाठच्या भावास सांभाळावयाचे म्हणून त्या त्यास कडेवर घेऊन शाळेत येत. गुरुजी चालवून घेत. भाऊ पडवीत गोणपाटावर निजे. एकदा तपासणीस साहेब आले. त्या दिवशी भाऊ रडला. साहेब काही बोलले नाहीत, परंतु गुरुजींनी संध्याकाळी निरोप पाठविला की मुलास घेऊन येऊ नये. मुलास न घेता यावयाचे तर लावणीच्या दिवसांत त्यास ठेवावयाचे कोणापाशी? आई चिखलात. म्हणून त्या घरीच राहिल्या आणि पुन्हा गेल्याच नाहीत. 'मला पाढे एकोणीसपर्यंत शिकवले होते,' त्या म्हणाल्या, 'वीसचा मी आपला आपण केला, तो सोपा असतो.' आम्ही त्यांस रजिस्टरातील शेरा वाचून दाखविला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'गैरहजर कुठे, मी तर कुंपणापाशी असायची.' कडेवरचा तो भाऊ पुढे चौथी झाला, मुंबईस आला आणि गिरणीत लागला. त्याच्या नावापुढे 'इयत्ता पूर्ण' असे आहे.

भूकंपाची आठवण नाही असा आमच्या वयाचा विद्यार्थी नाही. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून गेले होते. कोयनानगर घाटाच्या पलीकडे, पण धक्का आमच्या वाडीत असा बसला की गोठ्यातील गुरे दावी तोडू लागली. आम्ही तेव्हा चौथीत होतो. सकाळी पाहतो तो शाळेच्या मागच्या भिंतीस आरपार चीर गेलेली. गुरुजींनी वर्ग फणसाखाली भरविला. येथपर्यंत सर्वांच्या आठवणी जुळतात. पुढे जुळत नाहीत. एक म्हणतो महिनाभर झाडाखाली बसलो, दुसरा म्हणतो पाऊस येईपर्यंत. एका बंधूंच्या मते तो फणस नव्हताच, आंबा होता. आम्हांस स्वतःस फणस पक्का आठवतो, कारण त्याचा चीक पाटीस लागला की लेखणी घसरे. दुपारचे भुकटीचे दूध त्याच झाडाखाली मिळे. मोठ्या डेगीत ते कालवीत आणि वर साय म्हणून जे येई त्यास आम्ही कागद म्हणत असू. त्या दुधाचा वास कित्येकांस आवडत नसे. पण घरी दूध होते कोणाकडे? ती चीर नंतर सिमेंटने बुजविली. आजही भिंतीवर ती पांढरी रेघ दिसते, आणि इमारत पडली ती त्या बाजूने नव्हे.

वहीत १९८२ चे पान आले तेव्हा आम्ही दोनदा मोजले. एरवी पट तीस-एकतीस, आणि त्या वर्षी एकदम ५८. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात ओळीने मुंबई महानगरपालिकेच्या शाळा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि चाळीतील पोट भरेना म्हणून लालबाग-परळची मुले गावी पाठविण्यात आली. संपाने शाळा भरली. हे आम्ही स्वतः कधी ध्यानात घेतले नव्हते, कारण त्या वर्षी आमची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात होती. त्या मुलांपैकी चौघे भेटले. आता ते पन्नाशीचे आहेत. त्यांपैकी एकजण चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. पऱ्यावरच्या साकवावरून पलीकडे जाण्यास तो इतका भीत असे, की पहिला महिनाभर चुलत बहीण त्यास पाठुंगळी घेऊन शाळेत आणी. गावच्या मुलांनी त्याच्या बोलण्याची थट्टा केली. त्याने उलट त्यांस कॅरमचे नियम शिकविले, पाटीवर सोंगट्या म्हणून काजूच्या बिया मांडून. तो म्हणाला, 'बाबा पत्रात लिहायचे, दिवाळीपर्यंत संप मिटेल, परत नेईन.' दिवाळी झाली. त्यानंतरचीही झाली. तो चौथीपर्यंत तेथेच शिकला. त्याच्या वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली, पण त्यांस पुन्हा घेतले नाही. शाळेचा एवढा मोठा पट त्याच्या आधी कधी नव्हता, नंतर तर नाहीच.

आता सांगावयाची आठवण आम्ही या स्मरणिकेत द्यावी की न द्यावी, याविषयी दोन-तीन वडीलधाऱ्यांनी आम्हांस सबुरीचा सल्ला दिला. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही ती देत आहोत.

आमच्या शाळेत केवळ आपल्या कुणबी ज्ञातीची मुले नव्हती. चार वाड्यांची शाळा ती. बौद्धवाडीतून आमच्या वर्गात तिघे येत. त्यांपैकी एकजण पुढे पोस्टात नोकरीस लागले आणि आता गावीच राहतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो, चहा झाला, वही काढली, आणि त्यांस म्हटले, शाळेची एखादी आठवण सांग. ते म्हणाले, 'तू विचारलंस म्हणून सांगतो. मला पाण्याची आठवण आहे.' पडवीच्या कोपऱ्यात मडके असे. आम्ही मुले मग बुडवून पाणी पीत असू. त्या तिघांनी मडक्यास हात लावावयाचा नाही, ओंजळ धरावयाची आणि कोणीतरी वरून पाणी घालावयाचे. घालणारा खेळात रमला असेल तर तो येईपर्यंत उभे राहावयाचे. हा १९६६ चा सुमार. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ सालीच झाला होता. आम्ही विचारले, पाणी कोण घालीत असे? ते म्हणाले, 'पाळी असायची. सोमवारी तुझी असायची.'

आम्हांस हे आठवत नव्हते. दुधाच्या भुकटीचा वास आठवतो, फणसाचा चीक आठवतो, सोमवारची पाळी आठवत नाही. आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, 'तू तेव्हा आठ वर्षांचा होतास.' मग ते आत गेले आणि त्यांनी रुळाचा तुकडा आणून पुढे ठेवला. शाळेचे वासे कोसळले तेव्हा भंगारवाल्याने तो उचलण्याआधी त्यांनी घरी आणून ठेवला होता. 'घंटा सगळ्यांना सारखीच ऐकू यायची,' एवढेच बोलले.

येथे आमची स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांच्या आठवणी सांगण्याचा आम्हांस अधिकार राहणार नाही. १९९६ साली आमचा मुलगा शाळेत जाण्याजोगा झाला. आमचे बिऱ्हाड गावीच होते. वाडीची शाळा हाकेच्या अंतरावर, दोन शिक्षक, पट पंचवीस. आम्ही स्वतः सरकारी प्राथमिक शाळेचे शिक्षक. तरी आम्ही तालुक्याच्या गावी खोली घेतली आणि मुलास इंग्रजी माध्यमात घातले. सौभाग्यवतींनी त्या वेळी विचारले होते, 'तुम्ही दुसऱ्यांची मुलं शिकवता ती शाळा वाईट आहे का?' आम्ही उत्तर दिले नाही. त्या वर्षी वाडीतील आणखी दोन घरांनी तेच केले. गुरुजीच आपला मुलगा नेतात, मग आपण कशास ठेवावा, असे ते म्हणाले, हे पुढे कानावर आले. पट २ वर आला त्याची सुरुवात नेमकी कोठे झाली, हे रजिस्टरात लिहिलेले नाही, पण आम्हांस ठाऊक आहे. मुलगा पुण्यास आहे. त्याचे उत्तम चालले आहे, आणि आम्ही केले ते चुकले असे तो म्हणत नाही.

आता विनंती. आपल्या संघाच्या ग्रामशाखेने असा ठराव मांडला आहे, की पडलेली इमारत रीतसर मागून घ्यावी आणि तेथे वर्गणीतून आपल्या ज्ञातीचे सभागृह बांधून प्रवेशद्वारावर कमान उभारावी. ठरावामागील भावना चांगली आहे, वर्गणीचे आकडेही आले आहेत. परंतु आमचा या ठरावास विरोध आहे. त्या इमारतीचे चिरे चार वाड्यांनी डोक्यावरून वाहिले. रजिस्टरातील ६११ नावांपैकी आपल्या ज्ञातीची नावे अधिक आहेत, सर्व नाहीत. त्या जागी ज्यांनी ओंजळ धरली त्यांस पुन्हा दाराबाहेर उभे करणारी कमान आम्हांस नको. इमारत मिळालीच तर ती चारही वाड्यांच्या नावे घ्यावी आणि तेथे मुलांसाठी अभ्यासिका किंवा वाचनालय, जे चालेल ते चालवावे. जमत नसेल तर चिरे तेथेच राहू द्यावेत.

जमलेल्या वर्गणीतून पहिला खर्च त्या रजिस्टरावर व्हावा. ही भावनेची गोष्ट नव्हे. इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्यातील किती घरांत त्या तारखेपूर्वीचा कागद आहे? जमीन खोताची होती, घर उतरंडीवर चाले, जन्माची नोंद कोणी केली नाही. कित्येकांच्या आजोबा-वडिलांच्या हयातीचा एकच सरकारी कागद आहे, आणि तो म्हणजे या रजिस्टरातील एक ओळ. ती वाळवी खात आहे. नातू-पणतू महाविद्यालयात प्रवेश घेण्यास निघतो तेव्हा घरचे धावत गावी येतात आणि पान भुगा झालेले पाहून परत जातात. असे तिघे आम्ही डोळ्यांनी पाहिले. बंद झालेल्या चारही शाळांच्या रजिस्टरांच्या परवानगीने छायाप्रती काढाव्यात, प्रत्येक पानाचे चित्र संगणकात जपून ठेवावे आणि मूळ रजिस्टरांसाठी एक लोखंडी कपाट त्या शाळेस भेट द्यावे. त्यास फार पैसे लागत नाहीत. कमानीच्या रंगकामाएवढेही लागत नाहीत. आमच्या हातच्या वहीस कायद्यात किंमत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

वेळ बराच झाला आणि जेवणाची पंगत मांडून झाली असे स्वयंसेवक खुणावीत आहेत. एवढेच सांगून आपली रजा घेतो, की ती वही बाहेरच्या मेजावर ठेवली आहे. १९६१ च्या पानावर अकरा नावे आहेत. त्यांपैकी चारजण भेटले, दोन वारल्याचे समजले. उरलेल्या पाचांपैकी तिघांपुढे 'मुंबईस गेला' असे लिहिले आहे आणि दोन मुलींपुढे काहीच लिहिलेले नाही. त्या मुलींची माहेरची नावे आम्ही तांबड्या शाईने लिहून ठेवली आहेत. कोणाच्या आईचे, आजीचे किंवा शेजारणीचे ते माहेरचे नाव असेल तर कृपया शेजारी पत्ता लिहावा. पेन वहीस दोऱ्याने बांधून ठेवले आहे.